घरातले दिवे बदलताना आधी होल्डर बघा, मग बल्ब

आमच्या घरातल्या ट्यूबा, सीएफएल आणि उरलेसुरले पिवळे बल्ब काढून सगळीकडं एलईडी करायचं नुसतं बोलणंच चाललं होतं किती दिवस. निमित्त झालं स्टार्टरचं. हॉलची ट्यूब नुसती फडफडत होती म्हणून स्टार्टर आणायला गेले तर दुकानदार म्हणाला, वहिनी, चोकपट्टीचं सामान ठेवणंच बंद केलंय, कोण नेतच नाही, आणि सीएफएल तर विचारूच नका. मग म्हटलं एकेक जाईल तसं बदलत बसण्यापेक्षा सगळं घर एकदाच बघून घेऊ.

घर आमचं सांगलीत गावभागात, जुनं, खाली-वर खोल्या, मधी लाकडी जिना. मी घरीच शिवणकाम करते, ब्लाउज, फॉल-पिको, साडीला मॅचिंग असतंय ते सगळं, त्यामुळं उजेडाच्या बाबतीत मी जरा किटकिटी आहे हे आधीच सांगते. आप्पांना (सासरे) पेपर वाचायला लख्ख उजेड लागतो आणि आईंचं (सासूबाई) मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्यांना पांढरा उजेड डोळ्याला टोचतो. एका घरात तीन माणसांची तीन मतं. नवऱ्याचं मत एकच, बिल कमी आलं पाहिजे.

भाच्यानं आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड केलाय, त्याला बोलावलं. मला वाटलं हा आल्या आल्या कंपन्यांची नावं सांगणार, तर त्यानं आधी टॉर्च घेऊन प्रत्येक होल्डर बघितला. बल्ब कुठला ते नंतर बघू मामी म्हणाला, आधी तो बसणार कुठं ते बघू. मला ते पटलं, कारण दुकानात सगळे वॉटवरच बोलतात, नऊचा देऊ का बाराचा, आणि आपणपण मान डोलावून घेऊन येतो.

होल्डर म्हणजे आपल्याकडं बहुतेक पिनचेच असतात, डब्याच्या बाजूला दोन पिना, दाबायचं आणि फिरवायचं. त्याला बी २२ म्हणतात, २२ म्हणजे त्या टोपीची मिलिमीटरमधली जाडी. आट्याचा मोठा असतो तो ई २७ आणि झुंबराला, भिंतीच्या शोभेच्या दिव्याला बारका आट्याचा लागतो तो ई १४. आमच्या घरात तिन्ही निघाले. आप्पांनी हौसेनं घेतलेलं पितळी झुंबर ई १४ चं, आणि वरच्या खोलीतला भिंतीवरचा दिवा ई २७ चा, तो कुणी कुठनं आणला कुणालाच आठवत नाही. आट्याच्या होल्डरात पिनचा बल्ब बसवायला कन्व्हर्टर मिळतो पण भाच्यानं नको सांगितलं, बल्ब लांब होतो, काचेला टेकतो, आणि एक जोड वाढला की तिथं लूज व्हायची एक जागा वाढली. आट्याचाच बल्ब घ्या, मिळतो.

जुने काळे बॅकेलाइटचे होल्डर होते त्यातल्या बऱ्याच जणांच्या आतल्या स्प्रिंगच्या पिना जळून काळ्या झालेल्या, एकीची तर स्प्रिंगच बसलेली, वर यायलाच तयार नाही. पिवळ्या बल्बला असल्या होल्डरात फार काय होत नव्हतं, तापलेली तार थोडा वेळ करंट तुटला तरी तेवत राहते, पण एलईडी लगेच लुकलुकतो आणि आपण नाव बल्बला ठेवतो. बॅटन होल्डर आणि अँगल होल्डर थोडक्या रुपयात येतात, ते आधी बदलून घेतले. नवा बल्ब सहा महिन्यात गेला म्हणणाऱ्यांनी एकदा मेन बंद करून होल्डरात डोकावून बघावं.

आता वॉट. वॉट म्हणजे बल्ब वीज किती खातो ते, उजेड किती देतो ते नव्हे. उजेड लुमेनमध्ये लिहिलेला असतो, खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरात. जुना ६० वॉटचा पिवळा बल्ब साधारण ७०० लुमेन द्यायचा, आताचा चांगला ९ वॉटचा एलईडी ९०० च्या आसपास देतो, म्हणजे ६० च्या जागी ९ लावला की जरा जास्तच पडतो. पण दुकानात ९ वॉटचे दोन बल्ब हातात घेतले, एकावर ९०० लुमेन छापलेलं आणि दुसऱ्यावर लुमेनचा पत्ताच नाही, नुसतं ठळक अक्षरात ९ वॉट आणि सुपर ब्राइट. दुसरा निम्म्या किमतीला होता. त्यावर बीआयएसचा (सरकारी मानक संस्थेचा) शिक्का आणि आर अक्षरानं सुरू होणारा रजिस्ट्रेशन नंबरपण नव्हता, जो एलईडी बल्बला असावाच लागतो. तो ठेवून दिला. स्टारचं लेबल असतं तेही बघावं, जास्त स्टार म्हणजे तेवढ्याच विजेत जास्त उजेड.

आधी ही अक्कल कुणाला होती, २०१५ ला सरकारची उजाला योजना आली, तिच्यात रांगा लावून ९ वॉटचे बल्ब ७० रुपयाला आणले होते लोकांनी, तेव्हा पांढरा-पिवळा-लुमेन काय विचारायचा प्रश्नच नव्हता, मिळाला तो लावला. त्यातला एक आमच्या न्हाणीघरात अजून चालू आहे, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

आता माझा विषय, रंग. शिवणकाम करणाऱ्या बाईला विचारा, रात्रीच्या वेळी मरून आणि चॉकलेटी दोरा ओळखणं म्हणजे काय असतंय ते. पांढऱ्या सीएफएलखाली दोन्ही रिळं सारखीच दिसायची, मग रीळ आणि कापड घेऊन दारात जायचं, आणि रात्र असली तर काम सकाळपर्यंत बाजूला. भाचा म्हणाला याचं कारण उजेड कमी-जास्त हे नाही, सीआरआय आहे, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचे मार्क. उन्हात किंवा जुन्या पिवळ्या बल्बखाली रंग जसे दिसतात त्याला १०० मार्क धरतात, आणि साध्या एलईडीला ८० च्या आसपास मिळतात. पांढरा एलईडी म्हणजे आत मुळात निळा दिवा असतो आणि त्याच्यावर पिवळट पावडरीचा थर, दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. (हा निळा दिवा बनवायलाच एवढी वर्षं लागली, त्यासाठी तिघा शास्त्रज्ञांना २०१४ चं नोबेल मिळालं.) पण त्या मिश्रणात गडद लाल रंग कमी पडतो, आणि गंमत म्हणजे तो ८० चा आकडा काढताना आठ फिक्या रंगांची सरासरी धरतात, गडद लाल त्यात मोजतच नाहीत. म्हणजे ८० मार्काचा बल्ब लाल रंगात नापास असू शकतो आणि खोक्यावर काय कळणार नाही.

मग मी काय केलं, पिशवीत मरून, चॉकलेटी, बॉटल ग्रीन आणि काळा अशी चार रिळं आणि पैठणी रंगाचा एक कापडाचा तुकडा घेतला आणि दुकान गाठलं. मारुती रोडच्या बाजूला बऱ्यापैकी मोठं दुकान आहे, तिथं काउंटरवर टेस्टिंगचा बोर्ड असतोय, तीन-चार होल्डर आणि बटणं. दुकानदाराला म्हटलं, दादा, एकेक लावून दाखवा की. आधी त्यानं तोंड वाकडं केलं, गिऱ्हाईक होतं मागं, पण मग त्यालाच मजा वाटायला लागली. साध्या पांढऱ्या, खोक्यावर ६५०० लिहिलेल्या बल्बखाली मरून आणि चॉकलेटी भाऊ-भाऊ. ९० च्या वर सीआरआय लिहिलेला एक बल्ब लावला आणि मरूनमधला लाल एकदम वर आला, चॉकलेटी वेगळा पडला, बॉटल ग्रीन आणि काळ्याची तीच तऱ्हा. मागं उभा असलेला माणूसपण पुढं येऊन बघायला लागला. हा बल्ब साध्यापेक्षा महाग, जवळजवळ दुप्पट, आणि सगळ्या दुकानात ठेवत नाहीत. सगळ्या घराला घ्यायची काय गरज नाही. मी दोनच घेतले, एक मशीनच्या डोक्यावर आणि एक कापड बेतायच्या टेबलावर.

आणि ते ६५००, ४०००, ३००० हे आकडे म्हणजे केल्विन. आकडा मोठा तितका उजेड निळसर पांढरा, आकडा लहान तितका पिवळा. आपल्याकडं पांढरा म्हणजे जास्त उजेड असं डोक्यात बसलंय, दुकानदारपण न विचारता ६५०० देतो. मधला ४००० असतो, नॅचरल व्हाइट लिहिलेलं असतं, तो मागूनच घ्यावा लागतो. मशीनला मी ४००० च घेतला. आईंच्या खोलीत ३००० चा पिवळा लावला आणि तोही पांढऱ्या दुधी टोपीचा, आतले ठिपके दिसणारा नाही. त्यांची तक्रार तिथंच थांबली. आप्पांना मात्र पिवळ्यात वाचायला नको, त्यांच्या खुर्चीमागं वेगळा ६५०० चा ९ वॉट. आता संध्याकाळी खोलीचा एक कोपरा पांढरा आणि एक पिवळा दिसतो, दिसायला विचित्र आहे पण भांडण नाही.

मशीनवाल्यांसाठी अजून एक सांगते. मोटरचं मशीन चालू असताना स्वस्त दिव्यांखाली चाक कधीकधी थांबल्यासारखं किंवा उलटं फिरल्यासारखं दिसतं, कारण दिवा सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होत असतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून दुप्पट शंभर. डोळ्याला सरळ दिसत नाही पण तासभर बारीक टाके घातले की कपाळ दुखायला लागतं. चांगल्या बल्बच्या ड्रायव्हरमध्ये (घरातली वीज एलईडीला चालेल अशी करून देणारा बल्बच्या आतला भाग) हे बरंच दाबलेलं असतं, स्वस्तात ड्रायव्हर म्हणून वेगळं काय नसतंच, चिपच्या (उजेड देणाऱ्या ठिपक्यांच्या) प्लेटवरच दोन-चार भाग चिकटवलेले असतात. ओळखायचं कसं, तर मोबाइलचा कॅमेरा चालू करून बल्बाजवळ धरायचा, स्क्रीनवर काळे पट्टे सरकताना दिसले की तो बल्ब कामाच्या जागेला घ्यायचा नाही. जमलं तर स्लो मोशन लावून बघा, अजून स्पष्ट दिसतं. दुकानात मी हे केलं तेव्हा दुकानदारानं आपल्या मोबाइलवर स्वतःच्याच डोक्यावरची ट्यूब बघून घेतली.

हॉलच्या चार फुटी ट्यूबचं दोन प्रकारे होतं. एक म्हणजे जुनी पट्टी तशीच ठेवून त्यात एलईडी ट्यूब घालायची, पण मग चोक आणि स्टार्टर काढून वायरिंग सरळ करावं लागतं. काही ट्यूबांना फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच टोकाला लागतात, काहींना दोन टोकांना एकेक, आणि चुकीच्या पद्धतीनं जोडलं तर फ्यूज उडतो, म्हणून खोक्यावरचं चित्र बघून वायरमनकडूनच करून घ्यावं. दोन टोकांवालीत अजून एक धोका, एक टोक होल्डरात बसवलं आणि दुसरं हातात असलं तर त्या टोकाला करंट येऊ शकतो, म्हणून मेन बंद केल्याशिवाय हात लावायचा नाही. दुसरा प्रकार म्हणजे पट्टीसकट सगळंच काढून नवीन बॅटन (एलईडी आतच बसवलेली अखंड पट्टी) लावायची, २० वॉट, २००० लुमेन. आम्ही बॅटनच लावली, जुन्या पट्टीची टोकं पिवळी पडून तडकलेलीच होती. जुनी ४० वॉटची ट्यूब कागदावर जास्त लुमेन देते पण तिचा निम्मा उजेड वर छताला आणि पट्टीलाच जातो, एलईडीचा सगळा खाली येतो, त्यामुळं कमी वाटत नाही. आणि चोकपण स्वतः दहा-बारा वॉट खातो, म्हणजे ५० च्या जागी २०. माझी खोली दिवसाला आठ तास धरली तर एका ट्यूबमागं महिन्याला सात युनिटच्या वर वाचतात. आमचं बिल १०० युनिटच्या काठावर असतंय, त्यामुळं त्या सात युनिटांची किंमत नवऱ्याला बरोबर कळली.

त्याहून मोठा धक्का देवघरानं दिला. देवघरात लाल झिरोचा बल्ब, आईंच्या लग्नापासनं रात्रंदिवस चालू. झिरो म्हणजे काय खातच नाही अशी सगळ्यांची समजूत. प्रत्यक्षात जुना झिरो बल्ब १५ वॉटच्या आसपास खातो, चोवीस तास चालवला तर महिन्याला जवळजवळ अकरा युनिट, एका कोपऱ्यातल्या मिणमिणत्या दिव्याला. त्या जागी अर्ध्या वॉटचा लाल एलईडी लावला, तो महिन्याला अर्धा युनिटपण खात नाही. आई म्हणाल्या उजेड जरा भगभगीत आहे, पण दोन दिवसांनी विसरल्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बंद दिवे. जिन्यात आणि बाथरूमला काचेच्या गोल हंड्या आहेत, चारी बाजूनं बंद. अशात ९ किंवा १२ वॉटचा बल्ब घातला की मरतोच. एलईडी गरम होत नाही असं लोक म्हणतात, पण चिप गरम होते आणि ती उष्णता खालच्या प्लास्टिकच्या भागातनं बाहेर जायची असते. हंडीत बल्ब उलटा लटकतो, म्हणजे ड्रायव्हर वरच्या बाजूला, आणि गरम हवा तिथंच जाऊन साठते. ड्रायव्हरमधला कपॅसिटर असतोय त्याला उष्णता सोसत नाही, साधारण दर दहा अंशाला त्याचं आयुष्य निम्मं होतं असं भाच्यानं सांगितलं. म्हणून खोक्यावर २५,००० तास लिहिलेलं असतं ते चिपचं, तेही उजेड ७० टक्क्यांवर येईपर्यंतचं. रोज सहा तास धरले तर अकरा वर्षं होतात, आणि वॉरंटी किती, तर एक नाहीतर दोन वर्षं! यातच काय ते समजून घ्यायचं. काही खोक्यांवर बंद फिटिंगमध्ये वापरू नये असं बारीक अक्षरात लिहिलेलंच असतं, ते वाचावं. आम्ही हंड्यांत ५ वॉटचे लावले, जिन्यापुरता उजेड भरपूर पडतो, आणि बाथरूमची हंडी काढून तिथं छताला चिकटणारा गोल एलईडीच बसवला, त्याला हंडीची भानगड नाही.

जिन्यात भूत निघालं. बटण बंद केलं तरी ५ वॉटचा बल्ब काजव्यासारखा मिणमिणतोय. आई म्हणाल्या राहू दे की, रात्री उठायला बरं. पण भाच्यानं टेस्टर लावला तर बटण बंद असताना होल्डरात फेज. २०१९ च्या पुरात आमच्या खालच्या मजल्यात पाणी होतं, पाणी उतरल्यावर गावात वायरमन मिळायची मारामार, जो मिळाला त्यानं बोर्ड छातीच्यावर उचलून दिले खरे, पण गडबडीत दोन ठिकाणी बटण फेजवर न टाकता न्यूट्रलवर टाकलं होतं. पिवळा बल्ब होता तोवर काय कळलंच नाही, त्याला पेटायला भरपूर करंट लागतो. एलईडीला एवढंसं गळतं करंटपण पुरतं. प्रश्न मिणमिणण्याचा नाही, बटण बंद म्हणून बल्ब बदलायला हात घातला तर शॉक बसायचा. दोन्ही ठिकाणी वायरी बदलून घेतल्या. आमच्यासारखं पुरानंतर घाईत वायरिंग झालेलं असेल तर हे एकदा बघून घ्याच. प्रत्येक वेळी कारण हेच असेल असं नाही हां, बटणात लाल इंडिकेटर असला किंवा जिन्याचं टू-वे (खालून-वरून दोन बटणांचं) असून वायरी लांबवर शेजारी-शेजारी गेल्या असल्या तरी असं होतं, त्यात एवढी भीती नाही.

अंगणातल्या दिव्याला फार डोकं लावलं नाही. पावसात भिजतो म्हणून आयपी ६५ (म्हणजे पाणी आत न जाणारा) लिहिलेला बंद बल्कहेड, भिंतीला बसतो तो दिवा, आणि पिवळाच, कारण पहिल्या पावसानंतर पंखाच्या मुंग्यांचे थवे येतात ते निळसर पांढऱ्यावर जास्त तुटून पडतात. पिवळ्यावरपण येतात, पण सकाळी पंखांचा केर कमी भरतो. स्वयंपाकघरात साधी बॅटन, गॅसच्या बरोबर वर न लावता जरा बाजूला, फोडणीच्या वाफेनं चिकट थर बसतो आणि उजेड आपोआप कमी होत जातो. लाइट गेल्यावर चालणारा बॅटरीचा बल्ब एक घेतला माजघरात, त्याचं बटण कायम चालूच ठेवायचं असतं, नाहीतर आत चार्जिंग होत नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगूनपण आप्पा रोज बंद करतात.

बिलाचं एक. वॉरंटीसाठी दुकानातलं बिल मागून घ्या आणि दुकानदार बल्बच्या बुडाला मार्करनं तारीख घालतो ती घालून घ्या, खोकं फेकलं तरी चालतं मग. जुन्या ट्यूबा आणि सीएफएल मात्र कचऱ्यात फोडून टाकू नका, आत पारा असतो. आमच्या त्या पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवल्यात, ई-कचरा गोळा करतात तेव्हा देणार.

राहिलंय फक्त झुंबर. त्याला पाच मेणबत्तीच्या आकाराचे ई १४ बल्ब लागतात आणि भिंतीवर उजेड कमी-जास्त करायचा जुना गोल फिरवायचा डिमर आहे. साधा एलईडी डिमरवर लावला की लुकलुकतो नाहीतर गुणगुणतो, डिमेबल लिहिलेलाच लागतो, आणि जुना डिमर पाच पिवळ्या बल्बांच्या लोडला केलेला, पाच एलईडींचा मिळून वीस वॉट लोड त्याला ओळखूच येत नाही, म्हणजे डिमरपण बदलायचा. आप्पा म्हणतात डिमर काढून साधं बटण टाका. मला वाटतं दिवाळीत मंद उजेड पाहिजेच. दुकानदारानं डिमेबल कँडल मागवून देतो म्हटलंय, नाही आले तर पुतणीच्या लग्नाची साडीखरेदी करायला कोल्हापूरला जायचंच आहे, तिथं बघेन.